जीएनयू एलडीचा 'मेमरी' ब्लॉक: बाइटच्या हिशेबाला चोख, बाकी बाबतीत गप्प

मायक्रोकंट्रोलरसाठी कोड लिहिणाऱ्याला लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे मेमरीत कुठे बसवायचे हे लिंकरला सांगणारी फाइल, बहुतेक वेळा आयती मिळते. चिप बनवणाऱ्यांच्या टूलमधून प्रोजेक्ट उघडला की ती फोल्डरमध्ये असतेच, आणि 'मावत नाही' असा एरर येईपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. या परीक्षणात तिचा एकच तुकडा घेतला आहे: जीएनयू बिनयुटिल्स या टूलसंचातल्या एलडी या लिंकरचा 'मेमरी' ब्लॉक. स्क्रिप्टमध्ये तो चार-पाच ओळींचा असतो, पण बोर्ड चालू होणार की नाही हे बऱ्याचदा त्याच ओळींवर ठरतं.

आधी निकाल: पाचपैकी चार तारे. दिलेल्या हद्दीत कोड बसतो का, हे तपासण्यात हा ब्लॉक एका बाइटचीही सूट देत नाही. एक तारा कापला, कारण ती हद्दच चुकीची आखली असेल तर तो अवाक्षर काढत नाही. तुम्ही लिहाल ते त्याच्यासाठी खरं. चिपचं डेटाशीट त्याने वाचलेलं नसतं, ते तुम्हालाच वाचावं लागतं.

रचना साधी आहे. प्रत्येक रीजनला, म्हणजे मेमरीच्या सलग पट्ट्याला, एक नाव, कंसात गुणधर्माची अक्षरं, मग विसर्गचिन्ह, ओरिजिन म्हणजे सुरुवातीचा ॲड्रेस आणि स्वल्पविरामानंतर लेंथ. एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरची १ एमबी फ्लॅश असलेली आवृत्ती घेतली तर तीन ओळी होतात. फ्लॅश हेक्स ०८०००००० पासून १०२४के, मुख्य रॅम हेक्स २००००००० पासून १२८के आणि सीसीएम रॅम (फक्त डेटा बसला जोडलेली वेगळी रॅम) हेक्स १००००००० पासून ६४के. इथे के म्हणजे १०२४ आणि एम म्हणजे १०२४ गुणिले १०२४. 'केबी' लिहिलं तर स्क्रिप्ट पार्सच होत नाही. ओरिजिनसाठी 'ऑर्ग' किंवा नुसतं 'ओ', लेंथसाठी 'लेन' किंवा 'एल' असे शॉर्टकटही चालतात, पण ते वापरू नका. सहा महिन्यांनी दुसरा कुणी फाइल उघडेल तेव्हा त्याला पूर्ण शब्दच बरे पडतात.

दोन्ही जागी आकड्याऐवजी गणित लिहिता येतं, आणि ही सोय फार मोलाची आहे. बूटलोडर, म्हणजे मुख्य ॲपच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, असलेला प्रोजेक्ट बघा. एफ४०७च्या फ्लॅशमध्ये पहिले चार सेक्टर १६केचे, पाचवा ६४केचा आणि पुढचे सात १२८केचे असतात. पुसताना अख्खा सेक्टर पुसला जातो, म्हणून हद्दी सेक्टरच्या काठावरच हव्यात. बूटलोडरला पहिले दोन सेक्टर म्हणजे ३२के, सेटिंग्जना तिसरा सेक्टर म्हणजे १६के, आणि तिथून पुढे ॲप. ॲपचा ओरिजिन 'हेक्स ०८०००००० अधिक ४८के' आणि लेंथ '१०२४के वजा ४८के' अशीच लिहावी. तयार ॲड्रेस आणि ९७६के हे उत्तर लिहून ठेवलं तर आकडा कुठून आला ते पुढच्या माणसाला कळत नाही. सेटिंग्ज फ्लॅशच्या शेवटी ठेवायचा मोह अनेकांना होतो, पण शेवटचा सेक्टर १२८केचा आहे. दोनशे बाइटच्या सेटिंग्जसाठी तो अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

ओरिजिन सरकवला की व्हेक्टर टेबलही (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं त्या ॲड्रेसची यादी) सरकतं, आणि ते कळवणं लिंकरच्या हातात नाही. कॉर्टेक्स-एम४मध्ये व्हीटॉर या रजिस्टरला नवा ॲड्रेस द्यावा लागतो. नाही दिला तर ॲपचं मेन सुरू होतं, पण पहिला इंटरप्ट आला की सीपीयू बूटलोडरच्या टेबलमध्ये उडी मारतो. या ॲड्रेसला अलाइनमेंटचीही अट आहे. एफ४०७ला कोअरचे १६ आणि बाकीचे ८२ मिळून ९८ व्हेक्टर आहेत, म्हणजे ३९२ बाइट. त्यावरचा दोनाचा घात ५१२, म्हणून टेबल ५१२च्या पटीत बसवावं लागतं. ४८के ही अट सहज पाळतं. व्हीटॉरला द्यायचा आकडा सी फाइलमध्ये वेगळा लिहू नका. स्क्रिप्टमध्ये ओरिजिन हे फंक्शन वापरून एक सिम्बॉल बनवा आणि तोच द्या, म्हणजे हद्द बदलली की दोन जागी दुरुस्ती करावी लागत नाही. मात्र लिंकरच्या सिम्बॉलला व्हॅल्यू नसते, फक्त ॲड्रेस असतो. सीमध्ये तो एक्स्टर्न म्हणून जाहीर करून त्याचा ॲड्रेस घ्यायचा. ॲम्परसँड विसरलात तर त्या ॲड्रेसवर पडलेला मजकूर हाती येतो आणि कंपायलर काही बोलत नाही.

आता चोख बाजू. कोड हद्दीबाहेर गेला की एलडी 'रीजन फ्लॅश ओव्हरफ्लोड बाय अमुक बाइट्स' असा एरर देतो. तो आकडा नेमका असतो, तेवढे बाइट कमी केले की लिंक होतं. लिंकरला '--प्रिंट-मेमरी-युसेज' हा पर्याय दिला तर प्रत्येक बिल्डनंतर छोटा तक्ता येतो: रीजनचं नाव, वापरलेली जागा, एकूण जागा आणि टक्केवारी. सीआयमध्ये (प्रत्येक कमिटवर आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) हा पर्याय कायमचा चालू ठेवा. फ्लॅश ८१ टक्क्यांवरून एका कमिटमध्ये ८८वर गेली, हे त्याच दिवशी दिसलं पाहिजे.

रॅमच्या ओळीवर मात्र आंधळा विश्वास नको. तक्त्यात फक्त सेक्शन (कोड आणि डेटाचे नाव दिलेले गठ्ठे) मोजले जातात आणि स्टॅक हा सेक्शन नाही. रॅम ९४ टक्के दिसत असेल तर उरलेल्या ६ टक्क्यांतच स्टॅक आणि हीप बसायचे आहेत. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी असर्ट, म्हणजे अट मोडली तर लिंक थांबवणारी ओळ, लिहा: .बीएसएसचा (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सच्या सेक्शनचा) शेवट अधिक किमान हीप अधिक किमान स्टॅक, हे रॅमचा ओरिजिन अधिक लेंथ यापेक्षा जास्त असू नये. एसटी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या तयार स्क्रिप्टमध्ये हेच काम एका रिकाम्या सेक्शनने केलेलं असतं आणि त्यामुळे ते तक्त्यातही धरलं जातं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. स्टॅकचा वरचा टोक-ॲड्रेस ओरिजिन अधिक लेंथ असा काढत असाल तर लेंथ आठच्या पटीत ठेवा, कारण आर्मच्या कॉल नियमांना आठ बाइटची अलाइनमेंट लागते. शेवटचे चार बाइट एखाद्या खुणेसाठी राखून ठेवले आणि लेंथमधून वजा केले की ही अट मोडते. मग डबल किंवा ६४ बिटांचे आकडे छापताना प्रिंटएफ भलतंच काही दाखवू लागतं.

सर्वात जास्त घोटाळे लोड ॲड्रेसमध्ये होतात. प्रत्येक सेक्शनला दोन ॲड्रेस असतात: प्रोग्राम चालताना तो जिथे असतो तो व्हीएमए आणि फ्लॅशमध्ये साठवला जातो तो एलएमए. .डेटा सेक्शन रॅममध्ये राहतो, पण त्याच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये असतात, म्हणून त्याच्यापुढे '> रॅम ॲट> फ्लॅश' असं लिहितात. यातलं 'ॲट>' गाळलं तर काय होतं? एलडी स्वतःच अंदाज बांधतो. त्याच रीजनमध्ये आधी एखादा सेक्शन असेल तर त्याच्या दोन ॲड्रेसमधलं अंतर नव्या सेक्शनलाही लागू करतो. आधी काहीच नसेल तर एलएमए म्हणजे व्हीएमएच, असं धरतो.

या अंदाजाचे दोन परिणाम नेहमी दिसतात. एक निरुपद्रवी आहे: .डेटानंतर आलेल्या .बीएसएसला मॅप फाइलमध्ये (लिंकरने काय कुठे बसवलं त्याच्या यादीत) फ्लॅशमधला लोड ॲड्रेस दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. .बीएसएसमध्ये साठवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे फ्लॅशमध्ये जागा जात नाही. दुसरा परिणाम त्रासाचा. सीसीएममध्ये किंमत दिलेली व्हेरिएबल्स ठेवली आणि 'ॲट> फ्लॅश' लिहायचं राहिलं, तर तो त्या रीजनमधला पहिलाच सेक्शन असल्यामुळे त्याचा लोड ॲड्रेस हेक्स १००००००० होतो. मग ऑब्जकॉपी या टूलने बिन फाइल (चिपवर जशीच्या तशी चढवायची प्रत) काढली की ती फ्लॅशच्या सुरुवातीपासून सीसीएमपर्यंतचं सगळं अंतर शून्यांनी भरते, आणि फाइल १२८ एमबीच्या वर जाते. हाच प्रकार मुख्य रॅमच्या बाबतीत झाला तर ३८४ एमबी. बिन फाइल अचानक फुगलेली दिसली की कंपायलरला दोष देण्याआधी 'ऑब्जडम्प -एच' चालवा. त्यात व्हीएमए आणि एलएमए शेजारी-शेजारी येतात. मजकूर असलेल्या ज्या सेक्शनचा एलएमए फ्लॅशच्या बाहेर आहे, तोच गुन्हेगार. इंटेल हेक्स फाइलमध्ये मधल्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, त्यामुळे तिथे हा दोष आकारावरून कळत नाही.

'ॲट>' आणि कंसात ॲड्रेस घेणारा जुना 'ॲट' यांत एक फरक आहे, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'ॲट>' वापरलं तर .डेटाची फ्लॅशमधली प्रत फ्लॅश रीजनच्या हिशेबात धरली जाते. कंसातल्या 'ॲट'ने ॲड्रेस दिला तर ती धरली जात नाही, ना ओव्हरफ्लोच्या तपासणीत, ना टक्केवारीत. जुन्या उदाहरणांतून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये हा प्रकार आजही सापडतो. फ्लॅश गच्च भरत आली की .टेक्स्ट (कोडचा सेक्शन) काठापर्यंत मावतो, .डेटाची प्रत काठाबाहेर जाते आणि तरी लिंक यशस्वी होतं. अशी स्क्रिप्ट हाती आली तर पहिली दुरुस्ती हीच करा.

कंसातल्या गुणधर्माच्या अक्षरांबद्दलही मोठा गैरसमज आहे. आर, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं पाहून वाटतं की रीजनला संरक्षण मिळालं. तसं काहीही होत नाही. फ्लॅशला 'आरएक्स' दिलं आणि लिहिण्यासारखा सेक्शन तुम्ही स्वतः '> फ्लॅश' म्हणून तिथे पाठवला, तर एलडी तो मुकाट ठेवतो. चिपच्या एमपीयूशीही (मेमरी संरक्षणाच्या हार्डवेअरशी) या अक्षरांचा संबंध नाही. ती फक्त अनाथ सेक्शनसाठी आहेत, म्हणजे ज्यांचं नाव स्क्रिप्टमध्ये कुठेच आलेलं नाही अशांसाठी. असा सेक्शन आला की एलडी रीजनची यादी वरून खाली वाचतो आणि एक अक्षर जरी जुळलं तरी पहिला जुळणारा रीजन घेतो.

म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा ठरतो. अनेक तयार स्क्रिप्टमध्ये 'एक्सआरडब्ल्यू' असलेल्या रॅमची ओळ फ्लॅशच्या वर असते. एखाद्या लायब्ररीने नव्या नावाचा फक्त-वाचनाचा सेक्शन आणला, तर 'आर' जुळल्यामुळे तो रॅममध्ये जाऊन बसतो. तिथे तो कॉपी करणारं कुणी नाही. डीबगरने प्रोग्राम चढवला तर रॅमही भरली जाते आणि सगळं ठीक चालतं. बोर्डाचा वीजपुरवठा काढून परत दिला की त्या जागी कचरा असतो. 'डीबगरवर चालतं, एरवी चालत नाही' ही तक्रार ऐकली की आधी हे तपासावं. उपाय दोन. फ्लॅशची ओळ सर्वात वर ठेवा, आणि '--ऑर्फन-हँडलिंग=एरर' लावा. दुसरा उपाय थोडं काम वाढवतो. .कॉमेंट, .आर्म.ॲट्रिब्यूट्स आणि .डीबग्‌ने सुरू होणारे सगळे सेक्शन शून्य ॲड्रेसवर नावानिशी लिहावे लागतात, नाहीतर तेही अनाथ ठरून लिंक थांबतं. पण एकदा ही यादी झाली की कुठलाही सेक्शन तुमच्या नकळत कुठेही जात नाही. आमच्या मते नव्या प्रोजेक्टमध्ये हा पर्याय पहिल्या दिवसापासून असावा.

कापलेल्या ताऱ्याचं कारण आता सविस्तर. दोन रीजन एकमेकांवर चढले तरी एलडी तक्रार करत नाही. सेक्शन एकमेकांवर आले तर एरर येतो, पण बूटलोडर आणि ॲप वेगवेगळे लिंक होतात, त्यामुळे एकाचे सेक्शन दुसऱ्याला दिसतच नाहीत. बूटलोडरच्या स्क्रिप्टमध्ये कुणी ३२केचे ४८के केले आणि ॲपची स्क्रिप्ट तशीच राहिली, तर दोन्ही बिल्ड हिरवे. पुढे बूटलोडर वाढत वाढत सेटिंग्जच्या सेक्टरमध्ये शिरतो, आणि सेटिंग्ज पहिल्यांदा जतन झाल्या की बूटलोडरचा शेवट पुसला जातो. यावर खात्रीचा इलाज म्हणजे सगळे रीजन एकाच फाइलमध्ये लिहिणं आणि दोन्ही स्क्रिप्टमध्ये ती 'इन्क्लूड' करणं. मेमरी ब्लॉकच्या आतही इन्क्लूड चालतं. त्याच फाइलशेजारी असर्ट ठेवा: सेटिंग्जचा ओरिजिन अधिक लेंथ, हे ॲपच्या ओरिजिनपेक्षा जास्त नको. न वापरलेला रीजन तक्त्यात शून्य टक्के दिसतो, त्याने काही बिघडत नाही.

एकच स्क्रिप्ट अनेक बोर्डांना वापरायची असेल तर 'रीजन_अलियस' बघा. सेक्शन एका टोपणनावाकडे पाठवायचे आणि ते टोपणनाव फ्लॅशला जोडायचं की रॅमला, हे बोर्डागणिक छोट्या फाइलमध्ये ठरवायचं. रस्टच्या जगात रिस्क-फाइव्हचं रनटाइम हीच पद्धत वापरतं. याहून जास्त फाटे असतील तर स्क्रिप्ट सी प्रीप्रोसेसरमधून काढावी. लिनक्स कर्नल आणि झेफर दोन्ही तसंच करतात. तेव्हा '-पी' द्यायला विसरू नका, नाहीतर ओळक्रमांकाच्या खुणा स्क्रिप्टमध्ये येतात.

नवा रॅम रीजन जोडणं ही एका ओळीची गोष्ट वाटते, पण तसं नाही. चिपसोबत आलेला स्टार्टअप कोड साधारणपणे एकच .डेटा कॉपी करतो आणि एकच .बीएसएस शून्य करतो. सीसीएममध्ये वेगळा सेक्शन केला तर त्याची सुरुवात, शेवट आणि फ्लॅशमधल्या प्रतीचा ॲड्रेस असे तीन सिम्बॉल लागतात, आणि रिसेट हँडलरमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र लूप. फ्लॅशमधला ॲड्रेस 'लोडॲडर' फंक्शनने काढा, हाताने बेरीज करू नका. लूप चार-चार बाइट उचलत असेल तर सेक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटीही चारची अलाइनमेंट द्या, नाहीतर शेवटचे एक-दोन बाइट शेजारच्यावर सांडतात. एफ४०७च्या सीसीएमपर्यंत डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) पोचत नाही आणि तिथून कोडही चालत नाही, कारण ती फक्त डेटा बसला जोडलेली आहे. त्या रीजनला एक्स हे अक्षर दिलेलं असलं तरी वस्तुस्थिती बदलत नाही. एसटीएम३२एच७४३मध्ये तर हा विचार रोजचाच. हेक्स २०००००००ची डीटीसीएम रॅम वेगवान आहे, पण डीएमए१ आणि डीएमए२ला ती दिसत नाही. त्यांचे बफर हेक्स २४०००००० किंवा हेक्स ३००००००० इथल्या रॅममध्ये ठेवण्यासाठी स्वतंत्र रीजन आणि स्वतंत्र सेक्शन लागतोच.

असे बफर आणि रिसेटनंतरही टिकवायची व्हेरिएबल्स 'नोलोड' प्रकारच्या सेक्शनमध्ये ठेवावीत. त्याने बिनमध्ये त्यांची प्रत जात नाही. मात्र नोलोड म्हणजे सुरुवातीची किंमत नाही. सीमध्ये व्हेरिएबलला '= ५' लिहिलं असलं तरी तिथे पाच येणार नाहीत.

बिनयुटिल्स २.३९पासून 'लोड सेगमेंट विथ आरडब्ल्यूएक्स परमिशन्स' अशी ताकीद येऊ लागली, तिची बरीच धास्ती घेतली जाते. डेस्कटॉपवर ती महत्त्वाची आहे. एमएमयू (मेमरीच्या परवानग्या सांभाळणारं हार्डवेअर) नसलेल्या चिपवर ईएलएफच्या, म्हणजे लिंकरने बनवलेल्या फाइलच्या, या परवानग्या कुणी अमलात आणत नाही, त्यामुळे '--नो-वॉर्न-आरडब्ल्यूएक्स-सेगमेंट्स' देऊन पुढे जाता येतं.

पर्यायांशी तुलना करायची तर आयएआर या कंपायलर-संचाच्या आयसीएफ फाइलमध्ये रीजनची बेरीज आणि वजाबाकी करता येते. तुटक तुकडे जोडून एकच रीजन बनवता येतो आणि कॉपीचं कामही लिंकरच उरकतो. आर्मच्या आर्मलिंक या लिंकरची स्कॅटर फाइलही स्टार्टअपमधली कॉपी स्वतः सांभाळते. या दोन्ही बाबतीत एलडी मागे आहे. त्याचा रीजन सलगच असतो, आणि एक भरला म्हणून उरलेलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. २.३५मध्ये '--एनेबल-नॉन-कंटिग्युअस-रीजन्स' आला, त्याने ही उणीव काही अंशी भरली. एकच इनपुट सेक्शन दोन आउटपुट सेक्शनांत नोंदवायचा, पहिल्यात मावला नाही तर तो दुसऱ्यात जातो. पण कुठलं फंक्शन कुठे जाईल हे मग क्रमावर ठरतं, त्यामुळे वेळेला काटेकोर कोड याच्या भरवशावर ठेवू नका. तो नावानिशी हव्या त्या रीजनमध्येच बसवा.

एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचा एलएलडी हा लिंकर हीच भाषा वाचतो आणि साध्या स्क्रिप्ट दोन्हीकडे चालतात. ऑर्फन-हँडलिंग एररवर ठेवून एलएलडीकडे गेलात तर .सिमटॅब, .एसटीआरटॅब आणि .एसएचएसटीआरटॅब हेही यादीत घालावे लागतात, एलडी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. लिंकर बदलला की दोन्ही मॅप फाइल शेजारी ठेवून प्रत्येक सेक्शनचा व्हीएमए, एलएमए आणि आकार ताडून बघा. एलडीच्या मॅपमध्ये 'मेमरी कॉन्फिगरेशन' या मथळ्याखाली तुमचे रीजन जसे वाचले गेले तसे छापलेले असतात. त्यातला ओरिजिन किंवा लेंथ तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी दिसली, तर बहुधा बिल्ड भलतीच स्क्रिप्ट उचलतोय. लिंकच्या कमांडमधला '-टी' कुठल्या फाइलकडे बोट दाखवतो ते आधी बघा.